नेल्डाची दोनशे तेवीस

नेल्डा स्ट्रिकलंडनं बंदूक घेतली ती रानडुकरांसाठी. एवढं आधीच सांगितलेलं बरं, कारण मागाहून ज्याला जे सुचलं ते तो बोलत सुटला. कुणी म्हणालं बाईचं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं नवऱ्याचं आणि तिचं बिनसलंय. फालतूपणा नुसता. कोंबड्यांच्या कारखान्यात वीसेक वर्षं उभं राहून जिचं डोकं फिरलं नाही, तिचं कशानं फिरणार?

कारखान्यात तिचं काम हाडं काढायचं. सरकत्या पट्ट्यावरून कोंबडी येते, सुरी फिरते, पुढची येते. त्या पट्ट्यानं तिचा उजवा खांदा खाल्ला. हात डोक्याच्या वर जात नाही, केस विंचरायचे तर मान खाली वाकवावी लागते. तोंड मात्र शाबूत. एकदा सुपरवायझर सगळ्यांसमोर एका नव्या मेक्सिकन पोरीला झापायला लागला, तर नेल्डानं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या आईला मी ओळखते. फोन लावू?" पोरीची नोकरी राहिली. अशी ही बाई. तिचं माणूस म्हणजे तिचं माणूस, मग ते चुकलेलं असो नाहीतर मेलेलं.

मेलेला म्हणजे कोल्बी. एकुलता एक. थंडीच्या तोंडाला तेलाच्या विहिरीवर पाळीला निघाला आणि खडीच्या वळणावर ट्रक उलटला. निघताना मायलेकांचं वाजलं होतं. कशावरून, तर चिखलाच्या बुटांवरून. नेल्डा दारातून ओरडली होती, "जा, आणि अक्कल आल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस." असं ती रोजच ओरडायची. तो रोज यायचा.

हिकरी ओढ्याच्या काठचं आमचं कबरस्तान खरवडलेलं असतं. गवताचं एक पातं ठेवत नाहीत. फावड्यानं जमीन उघडी करायची, वर ओढ्याची पांढरी वाळू पसरायची, प्रत्येक कबरीवर पालथ्या होडीसारखा लांबट ढीग रचायचा आणि त्यावर नदीतले शिंपले ओळीनं लावायचे. मे महिन्यात एका शनिवारी सगळी घराणी मिळून खरवडायला येतात, मग तिथंच छपराखाली लांब टेबलांवर जेवणं होतात. ज्या घराचा ढीग विस्कटलेला दिसला त्याच्याबद्दल तोंडावर कुणी बोलत नाही. ताटं वाढताना बोलतात.

वसंत लागला आणि कोल्बीचा ढीग फुटायला लागला. रविवारी चर्चला जाण्याआधी नेल्डा तिथे जायची, तर ढीग मधोमध उघडा, वाळू दोन्ही अंगांना फेकलेली, शिंपले पार कुंपणापर्यंत. तिनं तो परत रचला. पुढच्या रविवारी परत तेच. शेजारी तिचे सासू-सासरे, त्यांच्या पलीकडे नणंद, त्यांचे ढीग जसेच्या तसे. फक्त कोल्बीचाच. आणि बघणाऱ्याला वाटावं, वरून कुणी उकरलेलं नाही, आतून कुणीतरी ढकललंय.

खुरांचे ठसे होते. नेल्डा याच ओढ्यावर वाढली, तिला ठसे कळतात. डुकरं होती. पण एवढ्या कबरी सोडून डुकरं एकाच कबरीवर का येतील? हे तिच्या डोक्यातून जाईना. पट्ट्यावर उभी असताना तिला तिचाच आवाज ऐकू यायचा, घरात पाऊल टाकू नकोस. मग हातातली सुरी चालू असतानाच मनात यायचं, पोरगं उठायला बघतंय, आणि दर रविवारी मी फावड्यानं त्याला परत आत दाबतेय.

कबरस्तानाच्या मागे झाडांची एक रांग आणि तिच्यापलीकडे म्हाताऱ्या मिस वीडाचं पत्र्याचं घर. नेल्डा तिला विचारायला गेली, काही दिसतं का म्हणून.

"दिसत नाही, ऐकू येतं," मिस वीडा म्हणाली. "शनिवारी, दिवे लागल्यावर. खुर्रर्र खुर्रर्र चालतं. तुझ्या पोराला सर्दी झाल्यासारखं."

"मिस वीडा!"

"अगं हनी, डुकरंच आहेत ती. पण माझी बहीण असती ना, तर म्हणाली असती, गेलेल्याला घरचं काहीतरी हवंय. वेडीच होती म्हणा ती."

"मी गोळ्या घालणार आहे त्यांना."

"घाल की. पण पहाटे घाल, उजेडात, नीट बघून. फक्त माझ्या घराकडे तोंड करून घालू नकोस. माझा टीव्ही त्याच भिंतीला आहे."

खरवडायचा शनिवार जवळ येत चालला होता. सगळे येणार, सगळे बघणार, पोराला आईनं मातीतसुद्धा नीट झोपू दिलं नाही असं टेबलावर बोलणार. तेही नेल्डानं सोसलं असतं. पण त्या उघड्या ढिगासमोर परत फावडं घेऊन उभं राहणं आता तिच्यानं होणार नव्हतं.

त्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "तुझी जुनी बंदूक दे मला."

वेंडल लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवतो. आधीच कमी बोलायचा, कोल्बी गेल्यापासून तर बोलायचाच नाही. पुरायच्या दिवशी तो ट्रकमधून खालीच उतरला नाही. काचेआड बसून राहिला, टोपी डोळ्यांवर. त्यानंतर कबरस्तानाचं नाव काढलं नाही. नेल्डानं त्याला बाकी सगळं माफ केलं होतं, हे नाही.

"ती घेऊन काय करशील?" वेंडल म्हणाला. "दर गोळीला बाजूचा खटका हातानं मागे ओढावा लागतो. तुझा खांदा तरी चालतो का तेवढा?"

"मग तू चल."

वेंडल बशीतल्या घेवड्याकडे बघत राहिला. "माझं तिथे काही नाही."

"पोरगं आहे तिथे तुझं!"

तो उठला, बशी विसळली, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "घ्यायचीच असेल तर मोठ्या गोळीची, तीनशे आठ घे. लागली की जागेवर बसलं पाहिजे. जखमी डुक्कर वाईट."

लॅनी ग्रिग्जच्या दुकानात बंदुका मिळतात, गळाला लावायच्या अळ्या मिळतात आणि दुपारी सॉसेज मिळतं. लॅनी कोल्बीच्याच वर्गातला. वयानं मोठी बाई, लग्नाची असो नसो, आमच्याकडे मिसच.

"मिस नेल्डा! काय देऊ, अळ्या की सॉसेज?"

"बंदूक. सेमी-ऑटोमॅटिक. चाप दाबला की एक, परत दाबला की दुसरी, मधे हात हलवायला नको. डुकरं कळपानं येतात आणि माझा खांदा गेलाय. आणि स्वस्तातली दे, उगाच नक्षीकाम दाखवू नकोस."

लॅनीनं एक साधी काळी बंदूक काढली. खटका मागे ओढला, रिकामी नळी तिला दाखवली, मग हातात दिली. आमच्याकडे हे हात मिळवण्यासारखं आहे. न दाखवता दिली तर माणूस घेतच नाही.

"ही काही देखणी नाही," लॅनी म्हणाला. "पण कुरकुर न करता काम करते."

"माझ्यासारखी."

"मी असं म्हटलेलं नाही हां, मिस नेल्डा."

"बरं, गोळी कुठली घेऊ ते सांग."

इथं लॅनीची कळी खुलली. हा विषय काढला की आमच्याकडे भलेभले जेवायचं विसरतात. त्यानं काउंटरवर तीन काडतुसं उभी केली.

"ही दोनशे तेवीस. हलकी, सुसाट जाते, खांद्याला कळतसुद्धा नाही. कुठेही मिळते, सगळ्यात स्वस्त. पण गोळी एवढुशी. डुकराच्या खांद्यावर कातड्याचं चिलखत असतं, तिथं मारली तर ते नुसतं रागावून निघून जाईल आणि कुठंतरी सडत मरेल. कानामागे बसली तर जागच्या जागी. म्हणजे कान दिसेपर्यंत थांबायचं. तुम्हाला थांबता येतं का?"

"पुढे बोल."

"ही तीनशे ब्लॅकआउट. बूड तेवढंच, वर गोळी जाडजूड. डुकरं मारणारे हिच्यावर जीव टाकतात. पण महाग. आणि ही नि दोनशे तेवीस एका घरात ठेवायची नाही. गोळ्या भरायचं मॅगझिन सारखंच असतं, चुकून हिची त्या बंदुकीत गेली तर बंदूक हातात फुटते. ड्यूईचं बोट त्यातच गेलं."

"ड्यूई तर म्हणतो मगरीनं खाल्लं."

"बायकोला तेच सांगितलंय त्यानं."

"आणि तीनशे आठ?"

"तिचं काय विचारता. काळं काहीतरी दिसलं की मधोमध धरायचं आणि दाबायचं. कुठंही लागू दे, काम झालं. पण दणका आहे. आणि गोळी डुकरातून निघून पुढच्या गावाला जाते. तुमच्या डुकरामागे काय आहे?"

"कबरींचे दगड. त्यामागे मिस वीडा."

"आणि तिचा टीव्ही."

"तुला कसं माहीत?"

"सगळ्या गावाला सांगते ती."

नेल्डानं एकेक काडतूस तळहातावर घेऊन बघितलं. तीनशे आठ हातात भरत होती, वेंडलच्या बोलण्यासारखी. लागली की जागेवर बसलं पाहिजे. एका दाबात सगळं संपवावं असं तिलाही वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण गोळी पलीकडे गेली आणि सासूचा दगड फुटला तर? म्हातारी आत बसलेली असली तर? आणि कोल्बीच्या अंगावर डुक्कर मारायचं तर ते तुकडे करून नको. स्वच्छ मारायचं.

"दोनशे तेवीस दे. शिकारीची, मऊ टोकाची. मी थांबेन."

बंदूक विकण्याआधी लावावा लागतो तो सरकारी तपासणीचा फोन लॅनीनं लावला. तिकडून होकार येईपर्यंत ती अळ्यांच्या डब्यांपाशी उभी राहिली. बंदूक गुंडाळताना तो हळूच म्हणाला, "मिस नेल्डा, डुकरंच आहेत ना?"

"दुसरं कोण असणार?"

लॅनी कागदाला चिकटपट्टी लावत राहिला.

घरामागच्या मातीच्या बांधावर तिनं नेम जुळवून घेतला. वर लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण होती. ठिपका जिथे, गोळी तिथे. पुठ्ठ्यावर डुकराचं डोकं काढून ती कानामागे मारत बसली, पुठ्ठ्याचा कान गळून पडेपर्यंत.

"दोनशे तेवीस आणलीस," वेंडल म्हणाला. "हलकी आहे."

"मी थांबेन."

"तू? तू मायक्रोवेव्हसमोर थांबत नाहीस."

एवढं बोलणं त्या घरात कितीतरी दिवसांनी झालं असेल. नेल्डाला हसू आलं, पण तिनं ते दिलं नाही त्याला. "रविवारी पहाटे बसणार आहे मी," ती म्हणाली. वेंडलनं मान हलवली.

पण शनिवारी तिला धीर निघेना. पुढच्याच शनिवारी सगळे खरवडायला येणार होते. पाळी सुटली तशी ती घरी न जाता थेट कबरस्तानावर आली. ट्रक खाली रस्त्यालाच लावला, डुकरं बुजायला नकोत म्हणून. छपराच्या खांबाआड खुर्ची मांडली. तिथून बघितलं तर कोल्बीच्या ढिगामागे लाल मातीचा उंच काठ येत होता, मिस वीडाचं घर बाजूला राहत होतं. वारा तोंडावर. पट्ट्याचा वास अजून अंगाला होता, त्याचं काही करता येणार नव्हतं.

सूर्य गेला. झाडं काळी पडली तरी वाळूत उजेड राहतो थोडा वेळ, दुधासारखा. त्या उजेडात नेल्डा बघत बसली आणि तिची नजर ढिगावरून हलेना. आतून हलतंय का, हेच ती बघत होती. बंदूक मांडीवर घेऊन एवढी मोठी बाई हेच बघत होती.

मग झाडांच्या बाजूनं पाला वाजला. तिनं डोळा दुर्बिणीला लावेपर्यंत ते ढिगावर आलंही होतं. बुटकं, रुंद, काळं. पाठ तेवढी दिसत होती. वाळू उकरल्याचा आवाज येत होता, आणि मधून मधून तो दुसरा, मिस वीडानं सांगितलेला, नाकातून ओला ओला. खुर्रर्र.

लाल ठिपका त्या पाठीवर जाऊन बसला. एकदम मधोमध. हातात तीनशे आठ असती तर एवढंच पुरे होतं. नेल्डाचे दात एकमेकांवर घट्ट बसले. माझ्या पोरावर. थांब, आता थांब. कान दाखव. पाठ हलत होती, थरथरत होती, डोकं पलीकडे खाली गेलेलं होतं. कान दाखव मला.

त्यानं डोकं वर केलं आणि एका अंगाला वळवलं. कान आला. सवयीनं ठिपका आपोआप सरकून कानामागे बसला. आणि कानाच्या वर टोपीची कड होती.

बायकोला नवऱ्याचा कान कळतो. इतकी वर्षं तो शेजारच्या उशीवर असतो.

तिचं बोट चापावर होतं. ते तिथे कधी गेलं, तिला आजही आठवत नाही. तिनं ते काढलं. मॅगझिन काढलं, खटका ओढला, नळीतलं काडतूस वाळूवर पडलं, आवाजसुद्धा झाला नाही. मग तिनं बंदूक खांबाला टेकवून ठेवली.

वेंडल गुडघ्यांवर होता. शेजारी कोलाची बाटली. आमच्याकडे कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे ओततात, एक घोट प्यायचा, चार दाणे चावायचे. शनिवारी ओंडके भरून झाले की बापलेक ट्रकच्या फळीवर बसून एकाच बाटलीत हे करायचे, आणि तळाशी राहिलेल्या दाण्यांवरून भांडायचे. आता वेंडल बोटानं वाळूत खोल भोक पाडत होता आणि बाटली त्यात उलटी करत होता. "घे," तो म्हणत होता. "तळातले तुझे. घे." आणि मग तो नाकातला आवाज. रडायची सवय नसलेला माणूस रडला की असाच आवाज येतो.

"वेंडल."

तो इतका दचकला की बाटली हातातून सुटली. "तू पहाटे येणार होतीस."

"आणि तू कधीच येणार नव्हतास."

तो ढिगाला पाठ लावून बसला. ती जाऊन शेजारी बसली. पडलेली बाटली तिनं उचलून सरळ ठेवली.

"कधीपासून येतोस?"

"हिवाळा सरल्यापासून. दर शनिवारी. ट्रक मिस वीडाकडे लावतो. तिला म्हटलं, सांगू नकोस."

"ती बाई टीव्हीची भिंत साऱ्या गावाला सांगते."

"हे नाही सांगितलं." वेंडलनं बाहीनं नाक पुसलं. "खोल घालतो दाणे. वर ठेवले तर खारी नेतात. आणि तुला दिसलं असतं."

नेल्डाला तेव्हाच सगळं कळलं. तिनं ठरवलं, हे तोंडातून काढायचं नाही, मेले तरी. पण वेंडल काही मूर्ख नाही. तो वाळूतल्या भोकाकडे बघत होता, मग त्यानं खांबाला टेकवलेल्या बंदुकीकडे बघितलं.

"नेल... डुकरं यासाठी येतात?"

"डुकरांचं काय सांगावं? कशावरही येतात."

"मी बोलावलं त्यांना. माझ्या पोराच्या अंगावर मीच बोलावलं."

"तू त्याला खायला घातलंस," नेल्डा म्हणाली. "गप्प बस आता."

अंधार पडायच्या आत त्यांनी हातांनीच वाळू उपसली, दाणे काढले, ढीग परत रचला. निघताना वेंडलनं बंदूक उचलून तिच्याकडे दिली, खटका ओढून, नळी दाखवून, रीतसर. "भरलेली होती का ही?"

"नाही," नेल्डा म्हणाली. खाली पडलेलं काडतूस तिच्या बुटाखाली होतं. ती त्यावर जोर देऊन उभी राहिली, तो वळेपर्यंत.

पुढच्या शनिवारी सगळी घराणी आली. वेंडल फावडं घेऊन ट्रकमधून खाली उतरला तेव्हा बायकांचं बोलणं जरा थांबलं, मग परत सुरू झालं. कोल्बीचा ढीग सगळ्यांत नीट होता. मिस वीडा काठी टेकत आली, बघून म्हणाली, "झोपला गं पोरगा." नेल्डा हो म्हणाली.

डुकरं परत आली नाहीत. एकही रविवार नाही. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. पण ती ढिगापाशी जाऊन उभी राहते तर वाळू ठेवली तशी, शिंपले लावले तसे. आतून आता कुणी ढकलत नाही. साऱ्या वसंतात फावड्यानं का होईना, पोराशी तिची काहीतरी देवघेव चालली होती, तीही बंद झाली.

आणि तो लाल ठिपका. वेंडल तिच्याकडे पाठ करून जेवायला बसला की तिला तो दिसतो. चर्चमध्ये तो प्रार्थनेला मान खाली घालतो तेव्हा दिसतो. एकदा न राहवून तिनं मागून त्याच्या कानामागे तळहात धरला.

"काय गं?"

"माशी होती."

वेंडल मात्र बोलायला लागलाय. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ओढ्याकडच्या मक्यात डुकरं शिरली, ताटं मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. वेंडल म्हणाला, "जा ना, घे ती बंदूक. एवढी हौसेनं आणलीस, एका डुकराला लागू दिली नाहीस अजून."

"तू कुठे असशील?"

"मी? मी इथे. या पायरीवर."

"टोपी काढ."

"का?"

"काढ म्हणते ना. आणि दिव्याखाली बस. हलायचं नाही."

वेंडल हसायला लागला. टोपी काढून दिव्याखाली बसला. "अजून काही? गाणं म्हणू?"

"म्हण. मी येईपर्यंत म्हणत राहा."

तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं, पण कारण त्यानं विचारलं नाही. चर्चमधलंच एक सुरू केलं, त्याच्या त्या ओंडक्यासारख्या आवाजात. नेल्डा बंदूक घेऊन मक्याच्या कडेला गेली. डुकरं समोरच होती, मागे ओढ्याचा काठ, कान स्वच्छ दिसत होते. तिनं बंदूक खांद्याला लावली. ठिपका पेटला, सरकत सरकत जागेवर आला.

कडवं संपलं आणि वेंडल श्वास घ्यायला थांबला.

नेल्डानं बंदूक खाली घेतली आणि वळून घराकडे बघत राहिली. त्याचा आवाज परत येईपर्यंत डुकरं कधी निघून गेली, ते तिला कळलंही नाही.